हृदय कमकुवत झालेल्या आणि घरी राहणाऱ्या रुग्णाच्या खाण्यापिण्याची पाहणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील मेडिकल, मेयो, एम्स किंवा एखाद्या खासगी रुग्णालयातून "हार्टचे पंपिंग कमी झाले आहे, औषधे नियमित घ्या, मीठ आणि पाणी सांभाळा" एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि पुढची सगळी जबाबदारी स्वयंपाकघरावर येऊन पडते. त्या घरांतून आम्हाला वारंवार जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांना नेमके काय सांगायचे, याची तयारी तिच्या आधारे नक्की करता येते.

खाण्याच्या सवयींची पाहणी म्हणजे नेमके काय करायचे?

रुग्ण दिवसभरात प्रत्यक्षात काय खातो, किती खातो, केव्हा आणि कोणाबरोबर खातो, अन्न कोण शिजवते, त्यात मीठ कोणत्या टप्प्यावर पडते, पाणी-चहा-ताक मिळून किती द्रव पोटात जातो, भूक कशी आहे आणि गेल्या काही महिन्यांत अंगावरचे मांस कमी झाले आहे का, या सगळ्याची शांतपणे आणि कोणावरही दोष न ठेवता केलेली नोंद म्हणजे ही पाहणी. आहारतज्ज्ञ ती करतात, परंतु तिचा मोठा भाग घरातील जाणती व्यक्तीही करू शकते. किंबहुना घरातील माणसाला जे दिसते ते दवाखान्यातील पंधरा मिनिटांत कोणालाच दिसत नाही.

डॉक्टरांनी "मीठ कमी करा" असे सांगितलेच आहे. मग वेगळी पाहणी कशासाठी?

कारण कमी म्हणजे कशापेक्षा कमी, हे ठाऊक असल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ येत नाही. एका घरात वरणा-भाजीत मीठ बेताचेच असते, पण जेवणात लोणचे, पापड आणि तळलेली खारातली मिरची रोज असते. दुसऱ्या घरात वरून काहीच घेत नाहीत, पण भाजीच चवीला खारट असते. तिसऱ्या घरातील आजोबा घरी अळणी जेवतात आणि संध्याकाळी फिरायला गेल्यावर चौकात तर्री पोहे खाऊन येतात. तिघांनाही एकच वाक्य सांगितले, तर ते तिघांच्याही उपयोगाचे नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. "हे बंद, ते बंद" असे ऐकून अनेक रुग्ण जेवणच निम्म्यावर आणतात. हृदय कमकुवत असलेल्या माणसाने मीठ जास्त खाणे जसे धोक्याचे, तसेच त्याने पुरेसे अन्न न खाणेही धोक्याचे आहे, आणि या दुसऱ्या गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. म्हणून काय वगळायचे हे ठरवण्याआधी, आज ताटात काय आहे हे पाहणे आम्ही आवश्यक मानतो.

दिवसाला किती मीठ चालते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कोणत्याही प्रौढ व्यक्तीने दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण एवढे भरते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही हृदय कमकुवत असलेल्या रुग्णांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ टाळावे असेच म्हटले आहे. या 5 ग्रॅममध्ये फोडणीत टाकलेले, कणकेत घातलेले, लोणच्यातले, बिस्किटातले आणि फरसाणातले असे सगळे मीठ धरायचे आहे.

त्याहूनही खाली जावे का, हा प्रश्न रास्त आहे. 2022 साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात सोडियम-एचएफ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा देशांतील 806 रुग्णांपैकी एका गटाला सोडियम दिवसाला 1500 मिलिग्रॅमच्या खाली आणण्यास सांगितले गेले, तर दुसऱ्या गटाला नेहमीचाच सल्ला दिला गेला. वर्षभरात मृत्यू, रुग्णालयात भरती होणे किंवा तातडीच्या विभागात जावे लागणे यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. कडक पथ्य पाळणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याच्या दर्जात मात्र थोडी सुधारणा दिसली. यावरून मीठ कितीही चालते असा निष्कर्ष निघत नाही. त्या अभ्यासातील लोक मुळातच आपल्याकडच्या अनेक घरांपेक्षा कमी मीठ खात होते. मात्र घास घशाखाली उतरू नये इतके अळणी जेवण रुग्णावर लादण्यास आधार नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आमच्या घरात माणशी किती मीठ खर्च होते, हे घरच्या घरी काढता येईल का?

ढोबळमानाने येते, आणि ही पद्धत आम्हाला फार उपयोगी वाटते, कारण तिच्यात कोणाच्या आठवणीवर किंवा कबुलीवर विसंबून राहावे लागत नाही. मिठाचे नवे पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा. ते संपेल त्या दिवशी दिवस मोजा. पाकीट एक किलोचे आहे, घरात जेवणारी चार माणसे आहेत आणि ते 25 दिवसांत संपले, असे धरू. म्हणजे 1000 ग्रॅमला आधी 25 ने आणि मग 4 ने भागायचे. उत्तर येते माणशी दिवसाला 10 ग्रॅम, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट.

यात काही सुधारणा कराव्या लागतात. लहान मुलाला अर्धे माणूस धरावे. दुपारचा डबा बाहेर खाणाऱ्याचे एक जेवण वजा करावे. भाज्या धुण्यासाठी, गुळण्यांसाठी किंवा लोणचे घालण्यासाठी वापरलेले मीठ वेगळे काढावे. उन्हाळ्यात वाळवण चालू असताना हा हिशेब करू नये, कारण पापड-कुरडया-सांडग्यांत गेलेले मीठ पुढे वर्षभर खाल्ले जाते. विकतच्या पदार्थांतील मीठ या हिशेबात येत नाही, त्यामुळे खरा आकडा मिळालेल्या उत्तराहून थोडा वरच असतो.

आकडा मोठा आला, तर रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा सगळ्यांच्याच भाजीतले मीठ दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करणे बरे. 5 ग्रॅमची मर्यादा सगळ्यांसाठीच आहे आणि सगळ्यांचे ताट सारखे असले, की रुग्णाला आपण घरात वेगळे पडलो असे वाटत नाही.

"काल काय खाल्ले" हे विचारण्याची योग्य पद्धत कोणती?

आहारशास्त्रात या पद्धतीला चोवीस तासांची आठवण म्हणतात. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने विचारायची. पहिल्या फेरीत रुग्णाला आपल्या मनाने सांगू द्यावे, मध्ये थांबवू नये. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागा भराव्यात, म्हणजे चहासोबत काय, दोन जेवणांच्या मध्ये काय, टीव्ही पाहताना काय, औषधाबरोबर काय. तिसऱ्या फेरीत प्रमाण विचारावे, आणि त्या वेळी घरातीलच वाटी, पळी आणि पेला समोर ठेवावा. शेवटी सगळे एकदा वाचून दाखवावे.

प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर अवलंबून असते. "काकू, मीठ जास्त तर खात नाही ना तुम्ही?" असे विचारले, की "मीठ तं मी घालतच नाही" हे उत्तर ठरलेले असते, आणि ते खोटेही नसते, कारण त्या वरून मीठ घेत नाहीत. त्याऐवजी असे बोलणे व्हावे :

"काकू, काल सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय घेतलंत?"
"चहा. अर्धाच कप."
"त्याच्यासोबत?"
"काही नाही. गोळी घ्यायची असते म्हणून दोन टोस्ट."
"मग नाश्ता?"
"नाश्ता नाही केला. सून पोहे करत होती, त्यातले दोन घास खाल्ले."
"पोह्यांवर काय घेतलंत?"
"शेव. शेवेशिवाय पोहे जात नाहीत."

"अर्धा कप चहा" या उत्तरातून आता टोस्ट, पोहे आणि शेव बाहेर आली आहे, आणि दोन घास म्हणजे अर्धी बशी की खरोखरच दोन घास, हे विचारता येते. हे सर्व ऐकताना चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये. रुग्णाला एकदा रागावले, की पुढच्या वेळी तो जे सांगेल ते आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगेल.

एकाच दिवसाची आठवण पुरेशी नसते. निदान दोन साधे दिवस आणि एक रविवार किंवा सणाचा दिवस असे तीन दिवस धरावेत. ज्यांची स्मरणशक्ती कमी झाली आहे, त्यांच्या बाबतीत स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला वेगळे विचारावे, पण रुग्णाच्या समोर आणि त्याच्या संमतीनेच.

वही ठेवणे जमत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

प्रत्येक ताटाचा जेवणाआधी आणि जेवणानंतर मोबाइलवर फोटो काढावा. दुसरा फोटो विसरला जातो आणि खरी माहिती त्यातच असते, कारण वाढलेले किती आणि उरलेले किती हे त्याच्यावरूनच कळते. नातवंडे हे काम आनंदाने करतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांतून उपचारासाठी नागपूरला येणाऱ्यांना फोटो पाठवणे दर वेळी प्रवास करण्यापेक्षा सोपे पडते. फोटोत मीठ मात्र दिसत नाही, म्हणून लोणचे, पापड, चटणी आणि ताक आवर्जून चौकटीत येईल असे पाहावे.

कोणत्या पदार्थांतील मीठ लक्षात येत नाही?

लोणचे, पापड, खारातली मिरची, ठेचा आणि सुक्या चटण्या यांच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते ते पदार्थ वेगळे आहेत. ब्रेड, टोस्ट, खारी, गोडासकट सर्व बिस्किटे, शेव, चिवडा, झटपट नूडल्सचा मसाला, तयार सूप, सॉस आणि चीज ही काही उदाहरणे. खाण्याचा सोडा हा तर सोडियमचाच क्षार आहे. त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाग सोडियमचा असतो, त्यामुळे अर्धा चमचा सोड्यातून सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. पापडखार याच जातीचा आहे. ढोकळा, भजी आणि पापड यांची चव खारट लागली नाही, तरी सोडियम असतेच.

औषधांकडेही पाहावे. गॅस झाला म्हणून पाण्यात फसफसणारी पुडी घेण्याची सवय अनेकांना असते आणि अशा पुड्यांत खाण्याचा सोडा असतो. पाण्यात विरघळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांतही सोडियम असते. शिवाय गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जेवण बेताचे असूनही सूज वाढते. आहाराची पाहणी करताना औषधांचा डबा उघडून बघणे म्हणूनच गरजेचे आहे.

सावजी, तर्री पोहे, पाटोडी रस्सा कायमचे सोडावे लागतील का?

पाहणी करताना आधी एवढेच विचारावे की हे पदार्थ महिन्यातून किती वेळा खाल्ले जातात, घरी की बाहेर, आणि रस्सा किती घेतला जातो. हॉटेलातील सावजी रश्श्यात तेल, तिखट आणि मीठ यांवर आपला ताबा नसतो, आणि तिखटामुळे मिठाची चव झाकली जाते, हे खरे आहे. सूज, धाप किंवा नुकतीच भरती झालेली असेल, तर अशा दिवसांत बाहेरचे जेवण टाळणेच योग्य. प्रकृती स्थिर असताना मात्र घरी केलेला, सुके खोबरे, खसखस, धने, काळी मिरी यांच्या वाटणाचा, निम्म्या मिठाचा रस्सा पाव वाटी घेऊन त्यासोबत ज्वारीची भाकरी खाल्ली, तर डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. आयुष्यभर जे आवडीने खाल्ले ते एका दिवसात हिरावून घेतले, की चोरून खाणे सुरू होते आणि मग पाहणीत काहीच खरे हाती लागत नाही. भिवापुरी मिरचीचा रंग, लिंबू, लसूण, सांबार (कोथिंबीर), जिरे, आमसूल यांनी अळणीपणा बराच झाकता येतो.

सैंधव किंवा काळे मीठ वापरले तर चालते ना?

चालत नाही. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत आणि साध्या मिठाइतकेच मोजायचे आहेत. उपवासाला सैंधव चालते म्हणून ते हृदयालाही चालते, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे.

बाजारात "कमी सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठाची गोष्ट वेगळी आणि अधिक जपण्यासारखी आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णांना दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, रॅमिप्रिल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन यांसारखी औषधे रक्तातील पोटॅशियम वाढवू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी वाढतो, आणि पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाबाबत शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये.

मग संत्रीही बंद करायची का?

एका मध्यम संत्र्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. रक्तातील पोटॅशियम योग्य पातळीत असेल, तर रोजचे एखादे संत्रे बहुतेकांना चालते. हंगामात घरात टोपलीभर संत्री येतात आणि चार संत्र्यांचा रस एका पेल्यात जातो, तेव्हा हिशेब बदलतो. शहाळ्याच्या पाण्याबाबत अधिक सावध राहावे, कारण एका शहाळ्यातून 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पोटॅशियम मिळू शकते आणि "आजारी माणसाला शहाळे" ही प्रथा प्रत्येक भेटीला येणारा पाहुणा पाळतो. मधुमेह असेल तर रसापेक्षा फोडी बऱ्या. पाहणीत फळांचे नाव आणि संख्या दोन्ही लिहावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी मोजून कसे प्यायचे?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. प्रत्येक रुग्णाला पाण्याचे बंधन असतेच असे नाही. आजार तीव्र असेल किंवा रक्तातील सोडियम उतरले असेल, तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रवाची मर्यादा घालण्याचा विचार केला जातो. प्रकृती स्थिर असलेल्यांना अनेकदा एवढ्या कडक मर्यादेची गरज नसते. म्हणून पहिला प्रश्न असा की आपल्या डॉक्टरांनी मर्यादा खरोखर घातली आहे का, आणि घातली असेल तर ती थंडीत घातली होती की मे महिन्यात.

मोजण्यासाठी एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवावी आणि रुग्णाने दिवसभर त्यातूनच प्यावे. चहा, दूध, ताक, पातळ वरण, कढी, पन्हे, आंबील हे सगळे द्रवातच मोजावे. घरातील स्टीलचा पेला किती मिलिलिटरचा आहे, हे एकदा मोजून त्याच्या तळाला लिहून ठेवावे. काही घरांतील पेला दोनशेचा असतो, काहींतील तीनशेचा, आणि "दिवसाला सहा पेले" या उत्तराचा अर्थ त्याप्रमाणे बदलतो.

नवतपात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, कूलरसमोर बसूनही घाम येतो आणि रुग्ण लघवीची गोळीही घेत असतो. अशा वेळी शरीरातील पाणी कमी पडून उठल्यावर चक्कर येणे, लघवी फार कमी आणि गडद होणे, तोंड कोरडे पडणे, वजन दोन-तीन दिवसांत उतरणे असे घडू शकते. हे दिसले तर लघवीच्या गोळीचा डोस आपल्या मनाने बदलू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ऊन लागले म्हणून ओआरएसची भुकटी सहज पाजली जाते. एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे 1700 मिलिग्रॅम सोडियम असते, जवळजवळ दिवसभराच्या मर्यादेएवढे. जुलाब-उलट्यांत ते आवश्यक ठरू शकते, पण ताजेतवाने वाटावे म्हणून हृदयाच्या रुग्णाने ते पिऊ नये. ताकात आणि लिंबाच्या सरबतात मीठ न घालता जिरेपूड आणि पुदिना घालावा.

वजन महिनोन्महिने तेवढेच आहे. म्हणजे खाणे नीट चालले आहे ना?

तसे खात्रीने म्हणता येत नाही. अंगावरचे मांस झडत असते आणि तेवढेच पाणी साचत असते, तेव्हा काटा जागचा हलत नाही. आमच्या पाहण्यात ही गोष्ट फार वेळा येते : काट्यावर आकडा तोच, पण हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, शर्टाची कॉलर सैल होते, दंड बारीक दिसतो, गालफडे बसतात, आणि त्याच वेळी चपलेचा पट्टा पायावर रुततो.

म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहायच्या. पहिली, रोजचे वजन. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत आणि एकाच काट्यावर ते करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर ते बहुधा साचलेले पाणी असते आणि डॉक्टरांना कळवावे लागते. दुसरी, महिन्यातून एकदा दंडाचा आणि पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहिणे. पोटरीवर सूज असेल तर दंडाच्या मापावर अधिक भर द्यावा. सूज नसतानाचे वजन वर्षभराच्या आत 5 टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. हृदयाच्या आजारामुळे शरीर झिजू लागल्याचे ते लक्षण असू शकते.

पासष्टीपुढील व्यक्तींसाठी कुपोषणाची एक छोटी प्रश्नावली आहे. तिचे सहा प्रश्न भूक, वजनातील घट, हिंडणे-फिरणे, अलीकडचे आजारपण, मानसिक स्थिती आणि शरीराची ठेवण यांविषयीचे आहेत. एकूण 14 गुणांपैकी 12 किंवा अधिक मिळाले तर ठीक, 8 ते 11 म्हणजे धोका आणि 7 किंवा कमी म्हणजे कुपोषण, असा तिचा हिशेब आहे. आहारतज्ज्ञाकडे ती मागावी. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन पाहून "खाणे ठीक आहे" किंवा "नाही" असे ठरवणे या आजारात भरवशाचे नसते, कारण साचलेले पाणी आणि शरीरातील दाह यांमुळेही तो आकडा खाली येतो.

भूकच लागत नाही, दोन घासांत पोट भरते. हा हट्ट आहे का?

नाही, आणि घरच्यांनी तसे समजू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. रक्त मागे तुंबल्यामुळे यकृत आणि आतडी सुजतात, पोट लवकर भरल्यासारखे वाटते, मळमळते. जेवताना धाप लागते, काही औषधांनी चव जाते, कवळी सैल झालेली असते, मन उदास असते. पाहणीत यातले कोणते कारण आहे हे शोधायचे असते. पोट फुगणे आणि भूक मरणे अचानक वाढले, तर ते आजार बळावल्याचेही चिन्ह असू शकते.

तोवर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे द्यावीत आणि प्रत्येक वेळी थोडे प्रथिन असेल असे पाहावे : घट्ट वरण, मुगाचे धिरडे, दही, दूध, उकडलेले अंडे, मासा किंवा कोंबडीचा तुकडा, भिजवलेले शेंगदाणे. अमेरिकेतील हार्ट फेल्युअर सोसायटीच्या 2019 च्या सहमती-निवेदनात शरीर झिजू नये म्हणून दर किलो वजनामागे दिवसाला निदान 1.1 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

घरात स्वयंपाक करणारी बाईच रुग्ण असेल तर?

तिची पाहणी सर्वांत काळजीपूर्वक करावी लागते. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तोवर भाजी संपलेली असते, आणि उरलेल्या पोळीबरोबर लोणचे किंवा सकाळचे शिळे अन्न खाते. विचारल्यावर "सगळ्यांचे तेच माझे" असे सांगते, त्यामुळे घरच्यांच्या ताटाचा हिशेब तिच्या नावावर लावला जातो. तिचे ताट तिने स्वतः नव्हे, तर दुसऱ्या कोणी तरी, सगळ्यांबरोबर आणि आधी वाढावे. उभे राहून पोळ्या लाटताना धाप लागते का, हेही विचारावे. लागत असेल तर ती स्वतःसाठी काही करतच नाही, असे बहुतेक वेळा आढळते.

उपवास आणि सणांच्या जेवणाचे काय?

महालक्ष्म्यांचे जेवण, लग्नाची पंगत, भंडाऱ्याचा महाप्रसाद, तेराव्याचे जेवण हे दिवस नोंदीत वेगळे दाखवावेत. सणानंतरच्या दोन-तीन दिवसांत वजन का वाढले, याचे उत्तर बहुधा तिथे सापडते.

उपवासाविषयी दोन गोष्टी डॉक्टरांना आधी विचारायलाच हव्यात. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने दीर्घकाळ उपाशी राहिल्यास रक्तात कीटोन नावाची आम्ले वाढण्याचा धोका असतो, विशेषतः मधुमेह असेल तर. आणि लघवीची गोळी घेऊन पाणीही न पिता केलेला कडक उपवास उन्हाळ्यात घातक ठरू शकतो.

खर्रा, तंबाखू, दारू हेही आहाराच्या पाहणीत विचारायचे?

होय. "काय खाता" या प्रश्नाला उत्तर देताना कोणीही खर्रा सांगत नाही, म्हणून तो नाव घेऊन विचारावा लागतो. तंबाखूने नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो, तोंडातील जखमांमुळे तिखट-घट्ट अन्न टाळले जाते आणि भूकही मरते. दारूबाबत किती आणि किती वेळा, असे सरळ विचारावे. ती हृदयाचा स्नायू कमकुवत करते आणि तिच्यासोबतचा चखणा बहुतेक खारटच असतो.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. पालेभाज्या बंद कराव्यात का?

वॉर्फरिन किंवा असेनोकूमॅरॉल चालू असेल, तर पालक, मेथी, चवळी बंद करू नयेत. आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. बदल अचानक झाला, तर रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या तपासणीचा आकडा हलतो.

लघवी तपासून मीठ कळत नाही का? मग एवढे प्रश्न कशाला?

चोवीस तासांची लघवी साठवून सोडियम मोजणे ही निरोगी माणसासाठी चांगली पद्धत मानली जाते. परंतु लघवीच्या गोळीचे कामच सोडियम बाहेर टाकणे हे असल्यामुळे, फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड घेणाऱ्या रुग्णाच्या एका दिवसाच्या लघवीवरून त्याने किती मीठ खाल्ले याचा खात्रीने अंदाज येत नाही. त्यामुळे ताट पाहणे, विचारणे आणि मिठाचे पाकीट मोजणे यांना पर्याय नाही.

पाहणी पुन्हा केव्हा करावी आणि कशासाठी थांबू नये?

रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एकदा, त्यानंतर दर तीन महिन्यांनी, उन्हाळा लागताना, औषध बदलल्यावर आणि घरातील स्वयंपाक करणारी व्यक्ती बदलल्यावर ती पुन्हा करावी. सून माहेरी गेली किंवा डबा लावला, की खाणे पूर्ण बदलते आणि ते कोणी डॉक्टरांना कळवत नाही. जाताना वजनाची वही, तीन दिवसांच्या नोंदी किंवा फोटो, दंडाची मापे आणि सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत.

सपाट झोपल्यावर श्वास कोंडणे, रात्री धाप लागून उठून बसावे लागणे, सूज वेगाने वर चढणे, चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काही झाले, तर नोंदी पूर्ण करत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.